हाय नून

हाय नून : एक अभिजात अमेरिकन वेस्टर्न चित्रपट. स्टॅन्ली क्रेमर (१९१३–२००१) यांच्या निर्मितिसंस्थेने तयार केलेला हा कृष्णधवल चित्रपट युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेने जुलै १९५२ मध्ये प्रदर्शित केला. त्याचे दिग्दर्शन फ्रेड झिनेमान (१९०७–९७) यांचे असून पटकथा कार्ल फोरमन (१९१४–८४) यांची आहे. गॅरी कूपर (१९०१–६१), ग्रेस केली (१९२९–८२), केटी हुराडो, लॉइड ब्रिजेस, टॉमस मिचेल, ऑटो क्रूगर व लॉन चेनी (धाकटा) यांच्या त्यात भूमिका आहेत. ‘हाय नून’ म्हणजे ऐन मध्यान्ह. त्या मध्यान्हीच्या गाडीने येणाऱ्या संकटाची वाट पाहणे, हाच या चित्रपटाचा विषय. अवघ्या पाच-सहा आठवड्यांत, बेताच्या खर्चात व अत्यंत प्रतिकूल राजकीय वातावरणात तो तयार झाला. चित्रपटाच्या कथेत जे घडते त्याचेच प्रतिबिंब त्याच्या निर्मितीच्या काळात पडद्यामागे दिसून येते. त्यामुळे अमेरिकन चित्रपटसृष्टीच्या इतिहासात त्याच्या निर्मितीची हकीकत चित्रपटाइतकीच महत्त्वाची मानली जाते.

कथानक : हॅडलीव्हिल या पश्चिमेकडील लहानशा गावाचा मार्शल विल केन हा निवृत्तीच्या दिवशी ॲमी या क्वेकर पंथाच्या तरुणीशी विवाहबद्ध होतो. त्याच वेळी बातमी येते, की केनने ज्याला पूर्वी तुरुंगात पाठविले होते, तो फ्रँक मिलर हा गुंड सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने गावात येत आहे. त्याचे तीन साथीदार स्थानकावर त्याची वाट पाहत बसले आहेत. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी यावयाचा असतो. गावकरी केनला ताबडतोब निघून जाण्याचा सल्ला देतात. तो निघतोही, परंतु वाटेतून परत फिरतो आणि मदतनिसांची जमवाजमव करू लागतो. न्यायाधीश आपले सामान बांधून निघून जातो, उपमार्शल रागाने पदत्याग करतो, वृद्ध गुरू असमर्थता व्यक्त करतो, एक मित्र पत्नीकरवी आपण घरी नसल्याचे सांगवितो, तर चर्चमध्ये जमलेली मंडळी बरीच चर्चा करून अखेरीस त्यालाच गाव सोडण्यास सांगतात. हिंसेला धर्मतः विरोध असलेली ॲमीही त्याच गाडीने जाण्यास निघते. शेवटी केन एकटाच रस्त्यावर उतरतो. गोळीबाराचा आवाज ऐकून ॲमी परत येते व तिच्या साहाय्याने तो चौघांचाही निकाल लावतो. लपून बसलेले गावकरी बाहेर येतात, तेव्हा केन छातीवरचा पत्र्याचा तारा काढून धुळीत फेकतो आणि एक शब्दही न बोलता पत्नीसह गाव सोडून जातो.

निर्मितीची पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलिवुडमधील मोठ्या स्टूडिओंच्या एकाधिकाराला ओहोटी लागली व स्वतंत्र निर्मात्यांना वाव मिळू लागला. क्रेमर, फोरमन व प्रसिद्धीचे काम पाहणारे जॉर्ज ग्लास यांनी याच काळात एक छोटी संस्था उभी केली. नामांकित नटांऐवजी चांगली पटकथा, चित्रीकरणापूर्वी तालमी आणि खर्चाचे काटेकोर नियोजन, ही तिची त्रिसूत्री होती. चँपियन (१९४९), होम ऑफ द ब्रेव्ह (१९४९), मार्लन ब्रँडो यांचे चित्रपटातील पदार्पण ठरलेला द मेन (१९५०) व सिरॅनो द बेर्झराक (१९५०) हे या संस्थेचे प्रमुख चित्रपट. यांपैकी द मेन चे दिग्दर्शन झिनेमान यांनी केले होते.

सन १९५१ मध्ये क्रेमर यांनी कोलंबिया पिक्चर्स या स्टूडिओशी पाच वर्षांत तीस चित्रपट देण्याचा मोठा करार केला. त्यामुळे संस्थेचे स्वरूप पालटले आणि क्रेमर यांचे बहुतेक लक्ष नव्या चित्रपटांकडे लागले. मात्र युनायटेड आर्टिस्ट्सशी असलेल्या जुन्या करारातील एक चित्रपट देणे अद्याप बाकी होते. तो म्हणजे हाय नून. संस्थेच्या दृष्टीने ते एक राहून गेलेले देणे होते. म्हणूनच त्याची जबाबदारी मुख्यतः फोरमन व झिनेमान यांच्यावर येऊन पडली आणि त्यांना एरवी न मिळणारे स्वातंत्र्यही मिळाले. चित्रपटाचा खर्च सु. साडेसात लक्ष डॉलरांच्या आत बसवावयाचा होता. कॅलिफोर्नियातील सलिनास येथील भाजीपाल्याचे, विशेषतः लेट्यूसचे, मोठे उत्पादक ब्रूस चर्च यांनी भांडवलाचा काही भाग पुरविला आणि उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून उभी करण्यात आली.

पटकथा : आक्रमणाच्या वेळी समाजाने एकत्र येणे किती आवश्यक आहे, हे सांगणारी एक रूपककथा वेस्टर्नच्या चौकटीत मांडावी, अशी फोरमन यांची मूळ कल्पना होती. तिच्यामागे नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांचा विचार होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी या कल्पनेचा एक चारपानी आराखडा तयार केला. जॉन डब्ल्यू. कनिंगहॅम यांची ‘द टिन स्टार’ ही कथा कॉलिअर्स या साप्ताहिकात डिसेंबर १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. आपल्या आराखड्याशी तिचे साम्य आहे, हे लक्षात आल्यावर त्या कथेचे हक्क विकत घेण्यात आले. कथेतील शेरीफ हा वयस्क व विधुर असून अखेरीस तो मारला जातो. फोरमन यांनी केवळ प्रसंगाचा गाभा व पत्र्याचा तारा ठेवून बाकीची रचना स्वतंत्रपणे केली. कथेत नसलेली नवविवाहित पत्नी, तिचे अहिंसाव्रत आणि हेलन रामिरेस ही मेक्सिकन वंशाची स्वाभिमानी व्यावसायिक स्त्री, ही सर्व पटकथेची भर होय.

पटकथेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिची कालरचना. चित्रपटातील घटना सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरू होऊन मध्यान्हीनंतर थोड्याच वेळात संपतात आणि चित्रपटाची लांबीही सु. ८५ मिनिटेच आहे. कथेतील काळ व प्रेक्षकाचा काळ जवळजवळ समान राखण्याच्या या योजनेमुळे दृश्यागणिक दिसणारे घड्याळ हे एक पात्रच बनते. भिंतीवरची, टेबलावरची व खिशातली घड्याळे पुन्हापुन्हा दाखविली जातात. त्यांच्यातील काट्यांचा मेळ राखणे हे चित्रीकरणाच्या वेळी एक वेगळेच काम होऊन बसले. वेस्टर्न चित्रपटाला अपेक्षित असलेल्या घोडदौडी, पाठलाग व निसर्गदृश्ये यांना या रचनेत फारसा वाव नव्हता. बहुतेक भाग एका गावातील खोल्यांत, दारांत व रस्त्यावर घडतो आणि त्यात मुख्यतः संवाद असतात.

राजकीय वातावरण : चित्रपटाच्या निर्मितीचा काळ हा अमेरिकेतील साम्यवादविरोधी मोहिमेचा काळ होता. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉलिवुडमधील साम्यवादी प्रभावाची चौकशी सुरू केली. उत्तरे देण्याचे नाकारणाऱ्या दहा लेखक-दिग्दर्शकांवर संसदेच्या अवमानाबद्दल खटले भरण्यात आले व त्यांना कारावास भोगावा लागला. नोव्हेंबर १९४७ मध्ये स्टूडिओप्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून या दहाजणांना काम न देण्याचे व साम्यवाद्यांना जाणूनबुजून नोकरीत न ठेवण्याचे जाहीर केले. येथूनच ‘काळी यादी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली पद्धत सुरू झाली. मार्च १९५१ मध्ये चौकशीची दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी समितीपुढे येणाऱ्या साक्षीदाराने केवळ स्वतःच्या भूतकाळाची कबुली देणे पुरेसे नव्हते. आपल्याबरोबर पक्षात असलेल्यांची नावे सांगणे, ही त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी मानली जाई. नावे सांगितली, तर काम टिके. न सांगितली, तर ते जाई.

फोरमन हे तरुणपणी काही वर्षे साम्यवादी पक्षाचे सभासद होते व पुढे त्यांनी तो पक्ष सोडला होता. पटकथा लिहीत असतानाच १९५१ च्या जूनमध्ये त्यांना समितीचे समन्स मिळाले. त्यानंतर परिचितांचे वर्तन बदलले. काहींनी भेटणे टाळले, तर काहींनी शहाणपणाचे सल्ले दिले. पटकथेच्या अंतिम स्वरूपात, विशेषतः चर्चमधील चर्चेत व मित्रांच्या सबबींत, आपण त्या काळी प्रत्यक्ष ऐकलेली वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी घातली, असे फोरमन यांनी नंतर नमूद केले. संयुक्त राष्ट्रांविषयीची रूपककथा अशा रीतीने हॉलिवुडविषयीची रूपककथा झाली. मात्र झिनेमान यांनी हा अर्थ कधीच एकमेव मानला नाही. त्यांच्या मते ती सदसद्विवेकबुद्धीने निर्णय घ्यावा लागलेल्या एका माणसाची गोष्ट होती व ती कोणत्याही काळात घडू शकली असती.

दिग्दर्शक व नटवर्ग : झिनेमान यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला. व्हिएन्नात कायद्याचा अभ्यास केल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण घेतले व पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. अनुबोधपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल ठसा होता. मेक्सिकोतील कोळ्यांच्या जीवनावरील रेदेस (१९३६) व युद्धोत्तर जर्मनीतील निराधार मुलांविषयीचा द सर्च (१९४८) या चित्रपटांत तो दिसून येतो. त्यांचे आईवडील नाझींच्या वंशसंहारात बळी पडले होते. शेजाऱ्याच्या दारी संकट आले असताना आपले दार लावून घेणाऱ्या समाजाचे चित्रण त्यांनी इतक्या अलिप्तपणे, पण निर्दयपणे का केले, हे समजण्यास ही माहिती उपयोगी पडते.

केनच्या भूमिकेसाठी कूपर यांची निवड झाली, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. सार्जंट यॉर्क (१९४१) मधील भूमिकेसाठी अकादमी पुरस्कार मिळविलेल्या या नटाची लोकप्रियता तोपर्यंत ओसरू लागली होती. नेहमीच्या मानधनापेक्षा पुष्कळच कमी, म्हणजे सु. ६०,००० डॉलर व नफ्यातील वाटा, एवढ्यावर त्यांनी काम स्वीकारले. राजकीय दृष्ट्या ते सनातनी विचारांचे होते. हॉलिवुडमधील साम्यवादविरोधी संघटनेचे ते सभासद होते आणि १९४७ मध्ये त्यांनी समितीपुढे अनुकूल साक्षीदार म्हणून साक्षही दिली होती. परंतु तीत त्यांनी कोणाचेही नाव घेतले नव्हते. चित्रीकरणाच्या काळात त्यांना पाठीचे दुखणे व जठरव्रण यांचा त्रास होत होता. त्यांनी रंगभूषा न करण्याचे मान्य केले आणि सुरकुतलेल्या, ओढलेल्या चेहऱ्यावर दिसणारी व्यथा ही भूमिकेचाच भाग बनली. लॉइड ब्रिजेस यांच्याबरोबरच्या तबेल्यातील मारामारीचे दृश्यही त्यांनी बदली नट न घेता स्वतःच केले. वेस्टर्नमधील नायक घाबरत नसे. केन मात्र घाबरतो, घामाघूम होतो, कार्यालयात एकटा असताना टेबलावर डोके टेकतो. कूपर यांच्यासारख्या नटाने हे करणे, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती.

ग्रेस केली यांचा हा दुसराच चित्रपट होता. चित्रीकरणाच्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांचा अननुभवी, काहीसा अवघडलेला अभिनय भूमिकेला पोषकच ठरला, असे झिनेमान यांचे मत होते. मेक्सिकन अभिनेत्री हुराडो यांनी रंगविलेली हेलन ही अनेक समीक्षकांच्या मते चित्रपटातील सर्वांत परिपक्व व्यक्तिरेखा होय. ली व्हॅन क्लीफ या पुढे गाजलेल्या नटाचे पदार्पणही याच चित्रपटात झाले. त्याच्या तोंडी एकही संवाद नाही.

चित्रीकरण : प्रत्यक्ष चित्रीकरण ५ सप्टेंबर १९५१ रोजी सुरू झाले व ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण झाले. रस्त्यावरील बहुतेक दृश्ये बरबँक येथील कोलंबियाच्या जागेत, अगोदरच उभारलेल्या गावाच्या देखाव्यात घेण्यात आली. श्रेयनामावलीच्या वेळची दृश्ये लॉस अँजेल्सजवळील आयव्हरसन येथे, काही दृश्ये सोनोरानजीकच्या कोलंबिया या सुवर्णशोधाच्या काळातील जतन केलेल्या गावात, तर चर्चची बाह्य दृश्ये ट्वॉलमी येथे चित्रित झाली. रेल्वेची दृश्ये सिएरा रेलरोड या मार्गावर घेण्यात आली. त्यासाठी वॉर्नरव्हिल येथील पाण्याच्या टाकीशेजारी एक स्थानक मुद्दाम उभारण्यात आले.

छायाचित्रणकार फ्लॉइड क्रॉस्बी (१८९९–१९८५) यांनी ताबू (१९३१) या चित्रपटासाठी अकादमी पुरस्कार मिळविला होता. अनुबोधपटांचाही त्यांना मोठा अनुभव होता. झिनेमान व क्रॉस्बी यांनी अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळी मॅथ्यू ब्रॅडी यांनी घेतलेल्या छायाचित्रांचा आदर्श समोर ठेवला. त्या काळी वेस्टर्न चित्रपटात लाल गाळणी वापरून निळे आकाश गडद करण्याची व पांढऱ्या ढगांना उठाव देण्याची प्रथा होती. त्यामुळे दृश्याला भव्यता येई. क्रॉस्बी यांनी गाळण्या वापरल्याच नाहीत. परिणामी आकाश पांढरेफटक व रिते दिसते, प्रकाश सपाट व कोरडा वाटतो आणि चित्राला जुन्या वार्तापटाचा रखरखीतपणा येतो. चेहऱ्यांवर मृदू प्रकाश टाकणेही टाळण्यात आले.

दृश्ययोजनेमागे झिनेमान यांचे एक साधे सूत्र होते. क्षितिजापर्यंत जाणारे स्थिर रूळ म्हणजे धमकी. त्यांच्या पार्श्वभूमीवर काळ्या पोशाखात सतत इकडून तिकडे चालणारा केन म्हणजे त्या धमकीचा बळी. आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे घड्याळे. मध्यान्ह जवळ येते, तसतशी घड्याळे पडद्यावर मोठी होत जातात. अखेरच्या संघर्षापूर्वीचे दृश्य प्रसिद्ध आहे. ॲमी व हेलन यांची गाडी निघून गेल्यावर केन रस्त्यात उभा राहतो. प्रथम त्याचा चेहरा जवळून दिसतो आणि मग यारीवरील कॅमेरा मागे व वर जाऊ लागतो. ओस पडलेल्या सबंध गावात ती एकटी आकृती लहान लहान होत जाते. गावाने त्याला टाकले आहे, हे एकाही शब्दावाचून सांगितले जाते.

रेल्वेच्या एका दृश्यात जीवघेणा प्रसंग ओढवला. दुरून येणारी गाडी समोरून टिपण्यासाठी झिनेमान व क्रॉस्बी कॅमेऱ्यासह रुळांवर आडवे झाले होते. इंजिनाने प्रथम पांढरी वाफ व नंतर काळा धूर सोडला. ते दृश्य सुंदर दिसते आहे, असे दोघांना वाटले. ब्रेक निकामी होत असल्याची ती खूण होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. अखेरच्या क्षणी ते बाजूला झाले, पण तिकाटणे रुळात अडकले आणि कॅमेरा इंजिनाखाली सापडून मोडला. फीत मात्र सुरक्षित राहिली व ते दृश्य चित्रपटात समाविष्ट करण्यात आले.

साक्ष व निर्मितिसंस्थेतील बेबनाव : चित्रीकरण चालू असतानाच २४ सप्टेंबर १९५१ रोजी लॉस अँजेल्स येथे फोरमन यांना समितीपुढे उभे राहावे लागले. त्यापूर्वीच संस्थेतील भागीदारांत तीव्र मतभेद निर्माण झाले होते. फोरमन यांनी उत्तरे नाकारली, तर कोलंबियाबरोबरचा करार व सर्व भागीदारांचे भवितव्य धोक्यात येईल, अशी क्रेमर व इतरांना भीती होती. त्यांनी फोरमन यांना चित्रपटाच्या कामातून दूर करण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही, याची दोन कारणे होती. बँकेच्या कर्जासाठी फोरमन यांनी आपले मानधन लांबणीवर टाकण्यास संमती देणे आवश्यक होते व त्या कागदावर त्यांची सही अद्याप झालेली नव्हती. शिवाय झिनेमान, कूपर व भांडवलदार चर्च यांनी फोरमन यांना काढून टाकण्यास विरोध दर्शविला. अशा रीतीने एका तांत्रिक त्रुटीमुळे व तिघांच्या आग्रहामुळे पटकथाकार चित्रीकरण संपेपर्यंत आपल्या कामावर राहू शकला.

साक्षीत फोरमन यांनी आपण त्या वेळी पक्षाचे सभासद नसल्याचे सांगितले. परंतु पूर्वायुष्याविषयी व इतर व्यक्तींविषयी उत्तरे देण्यास संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन नकार दिला. त्यानंतर थोड्याच अवधीत क्रेमर यांच्या संस्थेने त्यांच्याशी असलेले संबंध संपुष्टात आणले व त्यांचा वाटा विकत घेतला. पटकथाकार म्हणून त्यांचे नाव चित्रपटावर राहिले, पण सहनिर्माता म्हणून असलेले श्रेय मात्र काढून टाकण्यात आले.

फोरमन यांनी नवी निर्मितिसंस्था काढण्याचे जाहीर केले, तेव्हा कूपर यांनी तीत सहभागी होण्याची तयारी दर्शविली. एका सनातनी विचारांच्या नटाने काळ्या यादीतील लेखकाच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहणे ही असामान्य गोष्ट होती. हॉलिवुडमधील साम्यवादविरोधी संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष नट जॉन वेन, स्तंभलेखिका हेडा हॉपर आणि स्टूडिओ यांच्याकडून कूपर यांच्यावर प्रचंड दडपण आले आणि काही दिवसांतच त्यांना माघार घ्यावी लागली. फोरमन यांनी त्यांना दोष दिला नाही. मोठ्या नटांपैकी आपल्याला मदत करू पाहणारे ते एकटेच होते, असे ते पुढे सांगत. सन १९५२ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास, फोरमन इंग्लंडला गेले. त्यांचे तेथील वास्तव्य दीर्घकाळ टिकले.

संकलन व संगीत : चित्रपटाच्या संकलनाचे श्रेय एल्मो विल्यम्स (१९१३–२०१५) व हॅरी गर्स्टॅड यांना देण्यात आले. पटकथेत गावाबाहेर असलेल्या दुसऱ्या एका उपमार्शलचे उपकथानक होते व ते चित्रितही झाले होते. कथानक गावाबाहेर गेल्यास ताण सैल होतो, हे ध्यानात घेऊन ते पूर्णपणे वगळण्यात आले. बाराच्या ठोक्यापूर्वीची दृश्यमालिका हा संकलनकलेचा नमुना म्हणून अभ्यासली जाते. झोके घेणारा लंबक, रिकामी खुर्ची, स्थानकावरचे तिघे, चर्चमधील स्तब्ध चेहरे, मद्यगृहातील माणसे, मृत्युपत्र लिहीत बसलेला केन, ही सर्व दृश्ये संगीताच्या ठोक्यांशी मेळ घालून एकामागून एक येतात आणि गाडीच्या शिटीबरोबर ती मालिका तुटते. चित्रपटाला यश मिळाल्यावर तो संकलनाच्या टेबलावर ‘वाचविण्यात’ आला, असा समज पसरला. झिनेमान व फोरमन यांनी तो अमान्य केला. चित्रपटाची लय पटकथेतच निश्चित झालेली होती, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

संगीतकार दिमित्री ट्योमकिन (१८९४–१९७९) हे मूळचे युक्रेनमधील क्रेमेन्चुक येथील. त्यांनी पार्श्वसंगीताची बांधणी एकाच लोकगीतसदृश चालीवर केली. नेड वॉशिंग्टन यांनी लिहिलेले व टेक्स रिटर यांनी गायिलेले हे गीत चित्रपटाच्या आरंभापासून अधूनमधून ऐकू येते आणि केनच्या मनातील द्वंद्व सांगते. त्याची चालच पुढे वाद्यवृंदात विविध रूपे घेते. संपूर्ण चित्रपट एका गीतावर तोलून धरण्याची ही पद्धत इतकी यशस्वी ठरली, की पुढील अनेक वेस्टर्न चित्रपटांत शीर्षकगीत हा एक संकेतच झाला. फ्रँकी लेन यांनी गायिलेली याच गीताची ध्वनिमुद्रिका चित्रपटाच्या जाहिरातीस मोठीच उपयुक्त ठरली.

प्रदर्शन व पुरस्कार : चित्रपटाला व्यावसायिक यश चांगले मिळाले. अमेरिका व कॅनडा येथे १९५२ मध्ये त्याने सु. ३४ लक्ष डॉलर मिळविले. अकादमी पुरस्कारांसाठी त्याला सात नामनिर्देशने लाभली आणि मार्च १९५३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता (कूपर), संकलन, पार्श्वसंगीत व गीत असे चार पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मात्र सेसिल बी. डमिल यांच्या द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ ला गेला. हुराडो यांना साहाय्यक अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. अकादमीच्या समारंभास कूपर उपस्थित नव्हते. त्यांच्या वतीने पुरस्कार स्वीकारला तो जॉन वेन यांनी. ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही, असे ते त्या वेळी विनोदाने म्हणाले होते. याच वेन यांनी १९७१ च्या एका मुलाखतीत या चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरविले व फोरमन यांना देशाबाहेर घालविण्यास आपण हातभार लावला याचा खेद नसल्याचे सांगितले. केन आपला तारा पायाखाली तुडवितो, असेही त्यांनी त्या वेळी म्हटले. प्रत्यक्षात तो केवळ धुळीत टाकलेला दाखविला आहे.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनाही लोकांकडे मदत मागत फिरणारा मार्शल पटला नाही. वेन यांना प्रमुख भूमिका देऊन त्यांनी काढलेला रिओ ब्राव्हो (१९५९) हा हाय नून चे प्रत्युत्तर म्हणून ओळखला जातो. दुसरीकडे सोव्हिएट रशियात या चित्रपटावर व्यक्तिगौरवाचा आरोप करण्यात आला. एकाच कलाकृतीला एका बाजूने साम्यवादी व दुसऱ्या बाजूने व्यक्तिवादी ठरविले जावे, यातच तिच्या आशयाची व्यापकता दिसून येते.

उत्तरकाल : इंग्लंडमध्ये फोरमन यांना सुरुवातीस टोपणनावाने लेखन करावे लागले. द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय (१९५७) या चित्रपटाची पटकथा त्यांनी व काळ्या यादीतीलच मायकेल विल्सन यांनी लिहिली. परंतु तिच्यासाठीचा अकादमी पुरस्कार मूळ फ्रेंच कादंबरीचे लेखक प्येअर बूल यांना देण्यात आला. ही चूक अकादमीने फोरमन व विल्सन या दोघांच्याही निधनानंतर दुरुस्त केली. क्रेमर हे पुढे निर्माते-दिग्दर्शक म्हणून विख्यात झाले. सामाजिक अन्यायाविरुद्ध निर्भीडपणे बोलणारे चित्रपट ही त्यांची ओळख ठरली. द डिफायंट वन्स (१९५८) या त्यांच्या चित्रपटाच्या पटकथेत काळ्या यादीतील एका लेखकाचा सहभाग होता. हाय नून च्या वेळी त्यांनी घेतलेली भूमिका मात्र वादग्रस्तच राहिली. फोरमन यांच्या बाजूने ती मांडणारा अनुबोधपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा क्रेमर यांच्या कुटुंबीयांनी त्यास आक्षेप घेतला.

हाय नून चा समावेश १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतील पहिल्या २५ चित्रपटांत करण्यात आला. त्याच वर्षी पोलंडमध्ये ४ जून रोजी झालेल्या निवडणुकीसाठी ‘सॉलिडॅरिटी’ या संघटनेने काढलेल्या भित्तिपत्रकावर गॅरी कूपर यांचे चित्र होते. त्यांच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती व छातीवर ताऱ्याच्या वर संघटनेचे बोधचिन्ह होते. साम्यवादाच्या संशयावरून ज्याच्या लेखकाला देश सोडावा लागला, तोच चित्रपट साम्यवादी सत्तेविरुद्धच्या मतदानाचे प्रतीक बनला.

मूल्यमापन : वेस्टर्न चित्रपटाच्या इतिहासात हाय नून ने नायकाची कल्पना बदलली. शौर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, तर भीती असूनही जागा न सोडणे, असा अर्थ त्याने रूढ केला. समाज हा नायकाच्या पाठीशी असतोच, हा या प्रकारातील जुना गृहीत विश्वासही त्याने मोडीत काढला. काही समीक्षकांना त्यातील आशय फार उघडपणे मांडलेला वाटतो. विस्तीर्ण भूप्रदेश व इतिहास यांची वेस्टर्नला अभिप्रेत असलेली जाण त्यात नाही, असाही आक्षेप घेतला जातो. त्यात काही तथ्य आहे. तथापि चित्रपटातील सबबी सांगणारी माणसे दुष्ट नाहीत, हे त्याचे मर्म होय. ती कुटुंबवत्सल, धार्मिक व विचारी आहेत आणि प्रत्येकाचे कारण ऐकताना पटण्यासारखे वाटते. ज्यांनी हा चित्रपट घडविला, त्यांच्यापैकी काहींना त्याच आठवड्यांत तशीच कारणे सांगावी लागली, काहींना ती ऐकावी लागली, तर काहींनी शक्य तेवढे दार उघडे ठेवले. अपुऱ्या पैशांमुळे आलेली काटकसर, घड्याळाने बांधलेली पटकथा, दुखणाईत नटाचा थकलेला चेहरा व लेखकावर आलेला प्रत्यक्ष प्रसंग, यांच्या संयोगातून त्याची कठोर साधेपणाची शैली सिद्ध झाली.